मशीन साबण ओढत नाही? आधी नोझल बघा

पावसाळा सरत आला की घरोघरी प्रेशर वॉशर बाहेर निघतात. कोकणात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ चढलेलं असतं, देशावर ट्रॅक्टरच्या मडगार्डखाली चिखलाचे थर वाळलेले असतात, शहरात सोसायटीच्या पार्किंगमधल्या गाड्या ओळखू येईनाशा झालेल्या असतात. खंडेनवमीला अवजारं आणि दसऱ्याला गाडी स्वच्छ धुऊन, हार घालून पुजायची असते. आणि नेमक्या याच दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते. पाणी जोरात येतंय, पण साबण काही येत नाही. बाटली भरली होती तशीच भरलेली राहते.

मग काय काय केलं जातं, तेही ठरलेलं आहे. साबण पातळ असेल म्हणून कोणी आणखी घट्ट करतं. कोणी कपड्यांची पावडर कालवून बाटलीत ओततं. कोणी बादलीतल्या पाण्यातच साबण घालून सगळं पाणी मशीनला ओढायला देतं. कोणी वैतागून फरशीचं ॲसिड भरतं. आणि शेवटी मशीन डब्यात घालून दुकानात परत नेलं जातं, नाहीतर माळ्यावर टाकलं जातं. माझी कळकळीची विनंती आहे की यातलं काहीही करण्याआधी थोडा वेळ मशीनजवळ बसा आणि साबण येण्याची वाट नीट तपासा. पंप जोरात पाणी फेकत असेल, तर तो बहुतेक वेळा चांगलाच असतो. अडचण नोझलमध्ये, नळीत, एका छोट्याशा बॉलमध्ये किंवा साबणातच असते. यातलं काहीही घरी पाहता येतं आणि बहुतेक विनाखर्च दुरुस्त होतं.

त्यासाठी आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पंप पाणी ढकलतो, साबण ढकलत नाही. साबण आपोआप ओढला जातो. पंपातून बाहेर पडलेलं पाणी एका अरुंद गळ्यातून जातं. गळ्यात वेग वाढतो, वेग वाढला की तिथला दाब उतरतो. तो बाहेरच्या हवेच्या दाबाहून खाली गेला की बाहेरची हवा बाटलीतल्या साबणाला नळीतून वर रेटते आणि साबण पाण्यात मिसळतो. डॅनियल बर्नुलीने वेग आणि दाबाचं हे नातं १७३८ साली मांडलं, आणि जिओव्हानी बात्तिस्ता व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञाने अशा अरुंद गळ्याचे प्रयोग १७९७ साली प्रसिद्ध केले. त्याच्याच नावाने या भागाला व्हेंचुरी म्हणतात.

ठिबकवर खतं सोडणाऱ्या शेतकऱ्याला हे नाव नवं नाही. जळगावच्या केळीत, नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागेत विद्राव्य खत ज्या व्हेंचुरीतून सोडतात, तीच व्हेंचुरी छोट्या रूपात प्रेशर वॉशरमध्ये बसवलेली असते. ठिबकवर काम केलेल्या माणसाला हेही माहीत असतं, की नुसतं पाणी चालू केल्याने व्हेंचुरी खत ओढत नाही. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या दाबात पुरेसा फरक लागतो, म्हणून शेतकरी मधला व्हॉल्व्ह थोडा दाबून तो फरक तयार करतो. पुढची लाइन तुंबलेली असेल किंवा पुढे दाब जास्त असेल, तर बादलीतलं खत हलतही नाही. प्रेशर वॉशरचं गणित अगदी हेच आहे.

तेव्हा पहिली नजर नोझलवर टाका. मशीनवर १०० बार, १३० बार असा आकडा छापलेला असतो. पंप एकटा तो दाब तयार करत नाही. पंप मिनिटाला ठरावीक लिटर पाणी पुढे सारत राहतो, घरगुती मशीनमध्ये साधारण ५ ते ८ लिटर. तेवढं पाणी नोझलच्या बारीक भोकातून कोंबलं जातं, म्हणून मागे दाब चढतो. भोक बारीक असेल तर व्हेंचुरीच्या पुढे दाब तुंबून राहतो, गळ्यातला दाब हवेच्या खाली उतरूच शकत नाही आणि साबण जागचा हलत नाही. भोक मोठं केलं की दाब एकदम उतरतो, पाणी मोकळं वाहतं आणि ओढ सुरू होते. म्हणजे जोरदार फवारा आणि मशीनच्या व्हेंचुरीतून साबण, दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. ही मशीनची खोट नाही, मशीन बनवलंच तसं आहे.

बऱ्याच मशीनसोबत पाच रंगांची नोझल येतात. लाल शून्य अंशाचं, पिवळं १५ अंशांचं, हिरवं २५ चं, पांढरं ४० चं आणि काळं साबणाचं. या काळ्या नोझलचं भोक सर्वांत मोठं असतं. त्यातून पाणी अगदी नरम येतं म्हणून लोक ते बिनकामाचं समजतात आणि पिशवीतच ठेवून देतात. साबण हवा असेल तर तेच लावा. काही मशीनला वेगळी नोझल नसतात, पुढचा दांडा पिळून फवारा बदलता येतो. तिथे दांडा पूर्ण कमी दाबाच्या खुणेपर्यंत फिरवा. मध्येच थांबवला तर दाब अर्धवट राहतो आणि साबण येत नाही. नोझल बदलताना मात्र मशीन बंद करून, गनचा खटका दाबून आतला दाब सोडा आणि मगच हात लावा. नोझल नीट बसलं आहे की नाही ते ओढून बघा, कारण अर्धवट बसलेलं नोझल दाबाने गोळीसारखं उडतं.

काळं नोझल लावूनही साबण येत नसेल, तर अंगठ्याची परीक्षा करा. सगळ्या तपासण्यांमध्ये मी हिलाच सर्वांत जास्त मानतो, कारण एका मिनिटात दोष कुठल्या बाजूला आहे ते कळतं. साबणाची नळी बाटलीतून बाहेर काढा. मशीन चालू करा, साबणाचं नोझल लावलेल्या गनचा खटका दाबून धरा आणि दुसऱ्या माणसाला नळीच्या मोकळ्या टोकावर अंगठा ठेवायला सांगा. अंगठा फक्त साबणाच्या नळीवर ठेवायचा, नोझलच्या तोंडापाशी हात कधीही न्यायचा नाही. अंगठा ओढला जात असेल तर व्हेंचुरी चांगली आहे. मग दोष नळीच्या टोकाच्या जाळीत, बाटलीत किंवा साबणात आहे. अंगठ्याला काहीच जाणवलं नाही, तर नळी मशीनला जिथे जोडली आहे तिथून काढा आणि त्या तोटीवरच बोट ठेवून पाहा. तिथे ओढ लागली तर नळी फुटकी किंवा तुंबलेली आहे. तिथेही नसेल तर व्हेंचुरीच्या आत किंवा तिच्या पुढे काहीतरी अडलं आहे.

नळीकडे लोक फार कमी लक्ष देतात, आणि माझ्या मते ती चूक महागात पडते. पंप १०० बारने पाणी ढकलत असला, तरी साबण वर चढवणारी ताकद बाहेरच्या हवेचीच असते आणि हवेचा दाब असतो जेमतेम १ बार. त्यातलाही थोडाच भाग कामी येतो. इतकी नाजूक ओढ असल्यावर नळीला केसाएवढी चीर पडली तरी साबणाऐवजी हवा आत शिरते. उन्हात ठेवलेली पारदर्शक नळी कडक होऊन जोडाजवळ चिरते. चिरलेलं टोक कापून टाका आणि उरलेली नळी पुन्हा दाबून बसवा, नाहीतर त्याच मापाची नळी हार्डवेअरच्या दुकानातून घ्या. जोड सैल असेल तर बारीक क्लिप लावा. नळीचं खालचं टोक बाटलीच्या तळापर्यंत बुडालेलं आहे ना, तेही पाहा. बाटली जमिनीवर आणि मशीन उंच ओट्यावर ठेवलं असेल तर बाटली वर घ्या. साबणाला जेवढं कमी चढावं लागेल तेवढं बरं. बाटलीचं झाकण घट्ट लावलं असेल तर त्यात हवा शिरायला भोक हवं, नाहीतर थोडा साबण गेल्यावर बाटली आत चेपते आणि ओढ थांबते.

नळीच्या टोकाला बारीक जाळी असते. मागच्या वेळचा साबण वाळून ती बंद झालेली असते. कोमट पाण्यात बुडवून, जुन्या टूथब्रशने घासून धुवा. जाळी काढून फेकून देऊ नका. ती नसेल तर कचरा थेट आत जातो, आणि आतला भाग साफ करणं जाळी धुण्याइतकं सोपं नसतं.

साबणाची तोटी जिथे व्हेंचुरीला मिळते तिथे बहुतेक मशीनमध्ये एक छोटा बॉल आणि त्यामागे नाजूक स्प्रिंग असते. विहिरीवरच्या मोटरीचा फूटव्हॉल्व्ह पाणी मागे जाऊ देत नाही, तसं काम हा बॉल करतो. जोराचं नोझल लावल्यावर दाबाचं पाणी उलटं साबणाच्या बाटलीत शिरू नये म्हणून तो असतो. साबण वाळला की बॉल जागेवर चिकटतो. बंद चिकटला तर साबण येत नाही. उघडा चिकटला तर जोराचं नोझल लावताच बाटलीत पाणी भरू लागतं. बाटली आपोआप भरताना दिसली तर समजा, दोष याच बॉलचा आहे. तोटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, मग आगपेटीच्या काडीच्या बोथट बाजूने बॉल हलकेच आत दाबून सोडा. तो स्प्रिंगवर परत उसळला पाहिजे. सुई, खिळा किंवा तार आत घालू नका. गळ्याच्या आतल्या बाजूला ओरखडा पडला की पाण्याची धार बिघडते आणि ओढ कायमची कमी होते.

ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. आपल्याकडे बऱ्याच गावांत बोअरचं पाणी जड असतं. पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो, तसाच थर व्हेंचुरीच्या गळ्यात आणि नोझलच्या भोकात बसतो. हे सुटे भाग काढून साध्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्व विरघळवलेल्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा आणि स्वच्छ पाण्याने खळखळून धुवा. काढता येणारे भागच असे बुडवायचे, पंपातून व्हिनेगर फिरवायचं नाही. नोझलसोबत मिळणारी बारीक तार असते ती नोझलच्या तोंडासाठीच वापरा. काळं नोझलसुद्धा अर्धं तुंबलं तर मागे दाब वाढतो आणि साबण थांबतो, म्हणून त्याचंही भोक उजेडासमोर धरून बघा.

लांब पाइप हा आणखी एक छुपा शत्रू आहे. मशीन अंगणात आणि गाडी गेटबाहेर, म्हणून कोणी गनच्या आधी आणखी दहा-पंधरा मीटर पाइप जोडतं. व्हेंचुरी आणि नोझल यांच्यामधला पाइप जितका लांब आणि बारीक, तितका पाण्याला अडथळा जास्त, आणि ओढ तितकी कमी. साबण लावताना जोडलेला पाइप काढून पाहा. साबण येऊ लागला तर कारण सापडलं. मशीनच गाडीजवळ आणा आणि नळाकडचा पाइप लांब करा. तिथल्या लांबीचा साबणाच्या ओढीशी थेट संबंध नाही, फक्त पाणी पुरेसं पोहोचलं पाहिजे.

पाणी पुरेसं म्हणजे किती, हे बादलीने कळतं. मशीनला जोडायचा पाइप काढून १० लिटरच्या बादलीत सोडा. तुमचं मशीन मिनिटाला साडेसहा लिटर घेत असेल तर बादली दीड मिनिटाच्या आत भरायलाच हवी, आणि एका मिनिटात भरली तर उत्तम. गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट खाली येत असेल तर उंचीच्या हिशोबाने १० मीटरला साधारण १ बार दाब मिळतो. बैठ्या घरावर ३ मीटर उंच टाकी असेल तर ०.३ बारच. तेवढ्यावर जुन्या, गंजलेल्या अर्ध्या इंची लाइनमधून पाणी कमी पडतं, मशीन धापा टाकतं, फवारा तुटक येतो आणि साबणाची ओढही तुटक होते. पाइपाचा जोड ओला दिसत नसला तरी तिथून हवा आत शिरू शकते. रबरी वायसर बदला, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा, पाण्याच्या तोंडाची जाळी काढून धुवा. आणि मशीन चालू करण्याआधी गनचा खटका दाबून नळ सोडा. पाइपातली सगळी हवा बाहेर पडून अखंड धार आली की मगच बटण दाबा.

आता फोम गनबद्दल. गनच्या तोंडाला लावायची बाटली मिळते, तिला कोणी फोम गन म्हणतं, कोणी फोम कॅनन. तिचं काम थोडं वेगळं आहे. तिच्या आत स्वतःचं बारीक भोक असतं, त्यातून पाण्याची धार एका मोकळ्या खोलीत सुटते आणि तिथेच साबण आणि हवा ओढली जाते. म्हणून ती पूर्ण दाबावर चालते, तिच्यासाठी काळं नोझल लागत नाही. उलट तिच्या पुढे किंवा मागे दुसरं नोझल राहिलं तर ती चालणारच नाही. मशीनची स्वतःची साबणाची नळीही तेव्हा वापरायची नाही. दोन्हीकडून एकाच वेळी साबण ओढवायला गेलं तर काहीच धड होत नाही.

फोम गनमध्ये साबण येतो पण फेस होत नाही, अशी तक्रार असेल तर आतल्या जाळीकडे वळा. पितळी भागाच्या आत बारीक तारांची गुंडाळलेली चकती असते. पाणी, साबण आणि हवा तिच्यातून घुसळून जाताना फेस तयार होतो. वाळलेला साबण आणि क्षार तिच्यात अडकले की पाणीच कसंबसं निघतं. ती लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून धुतली की बऱ्याचदा गन पुन्हा कामाला लागते. फारच दाबली गेली असेल तर जाळी वेगळी विकत मिळते. दुसरं म्हणजे आतल्या भोकाचं माप. बाजारात १.२५ मिलिमीटरचं भोक असलेल्या गनही येतात आणि त्या जास्त लिटरच्या मशीनसाठी असतात. घरगुती, कमी लिटरच्या मशीनला १.१ मिलिमीटरचं भोक बरं पडतं. गन विकत घेताना हे विचारा. गनच्या डोक्यावरचा नॉब साबण कमी-जास्त करतो, पुढचं तोंड फिरवल्याने फवारा रुंद किंवा अरुंद होतो. नॉब पूर्ण बंद करून साबण येत नाही म्हणणारे लोकही असतात. त्यांना दोष देत नाही, नॉबवर खुणाच धड नसतात.

साबण कोणता वापरावा, यावर थोडं थांबून बोलायला हवं, कारण इथे पैशाचं आणि जिवाचंही नुकसान होतं. गाडीसाठी गाडीचाच शॅम्पू घ्या. फरशी किंवा भिंतीसाठी प्रेशर वॉशरमध्ये चालेल असं डब्यावर लिहिलेलं द्रव डिटर्जंट घ्या. कपड्यांची पावडर बाटलीत घालू नका. ती पाण्यात विरघळल्यासारखी दिसते, पण न विरघळलेले कण तळाशी बसतात आणि पहिल्यांदा जाळी, मग बॉल बंद करतात. अंगाच्या साबणाच्या वड्या किसून पाणी करणं तर नकोच. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमबरोबर साबणाचा चिकट साका तयार होतो, फेस मरतो आणि तो साका गाडीवरही बसतो. भांड्यांचं द्रव डिटर्जंट अडीनडीला चालतं, पण ते गाडीवरचं मेण आणि पॉलिश काढून टाकतं. त्याची सवय लावून घेऊ नका.

घट्ट साबण पातळ नळीतून वर चढत नाही. मधासारखा दाट शॅम्पू असेल तर तो आधी कोमट पाण्यात मिसळून पातळ करा. पाण्यात शॅम्पू ओता, शॅम्पूवर पाणी ओतलं तर बाटलीत फेसच फेस होतो आणि नळी फेस ओढत बसते. किती पातळ करायचा हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा एकदा मोजून ठेवा. बाटलीत १ लिटर साधं पाणी घ्या, काळं नोझल लावा आणि ते पाणी संपायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. समजा ३ मिनिटं लागली आणि मशीन मिनिटाला ६ लिटर पाणी देतं. म्हणजे सुमारे १८ लिटर पाण्यात १ लिटर गेलं. आता बाटलीत १०० मिलिलिटर शॅम्पू आणि ९०० मिलिलिटर पाणी घातलं, तर गाडीवर पडताना ते साधारण १९० ला १ इतकं पातळ झालेलं असेल. शॅम्पूच्या डब्यावर सांगितलेलं प्रमाण आणि हे प्रमाण ताडून बाटलीतला शॅम्पू कमी-जास्त करा. साबण येतो पण मळ निघत नाही, या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. मशीन साबण ओढत असतं, पण तो इतका पातळ झालेला असतो की दिसतच नाही.

ही मोजणी साध्या पाण्याने करायचं आणखी एक कारण आहे. साधं पाणी व्यवस्थित ओढलं जातंय आणि साबण ओढला जात नाही, तर दोष साबणाच्या दाटपणात आहे हे तिथेच ठरतं. मशीन उघडायची गरजच उरत नाही.

ॲसिड, ब्लीच, कॉस्टिक सोडा, डिझेल, पेट्रोल, थिनर, यातलं काहीही मशीनच्या साबणाच्या बाटलीत भरू नका, हे मी हात जोडून सांगतो. ॲसिड आणि ब्लीच आतले धातू आणि रबराचे भाग खातात. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो, म्हणजे गाडीची अलॉय व्हील्सही गेली. इंजिनखालचं ग्रीस निघावं म्हणून काही ठिकाणी डिझेल फवारतात. त्याचा बारीक तुषार हवेत पसरतो, श्वासातून आत जातो आणि ठिणगी पडली तर पेट घेतो. आणि आधी ब्लीच वापरलेल्या मशीनमध्ये नंतर संडासचं ॲसिड घातलं तर दोन्ही मिळून क्लोरीन वायू तयार होतो. बंद पार्किंगमध्ये तो माणसाला आडवा करू शकतो. शेवाळ काढायला ब्लीचचं पाणी लागणारच असेल तर ते हाताच्या पंपाने, हातमोजे घालून वेगळं मारा आणि मशीनने फक्त पाण्याने धुवा.

बादलीतल्या पाण्यातच साबण घालून मशीनला देणंही टाळा. तसं केलं की साबण पंपाच्या आतल्या व्हॉल्व्हमधून आणि सीलमधून जातो, तिथे वाळतो आणि काही महिन्यांनी पंपच दाब धरेनासा होतो. साबणाची वाट पंपाच्या नंतर ठेवलेली आहे ती याचसाठी.

साबण येऊ लागल्यावर धुण्याची रीतही थोडी सांभाळा. आधी साध्या पाण्याने चिखल आणि माती उतरवा, वाळलेल्या मातीवर साबण लावून घासलं तर रंगावर ओरखडे पडतात. गाडी सावलीत घ्या, बॉनेट तापलेलं असेल तर गार होऊ द्या. भिंतीला किंवा गाडीच्या बाजूंना साबण खालून वर लावत जा, म्हणजे कोरड्या भागावर साबणाचे ओघळ उतरून डाग पडत नाहीत. तीन-चार मिनिटं राहू द्या, पण वाळू देऊ नका. धुताना मात्र वरून खाली या. गाडीसाठी पांढरं, ४० अंशांचं नोझल पुरतं आणि ते पत्र्यापासून निदान हातभर लांब धरा. लाल नोझल गाडीच्या रंगावर कधीच वापरू नका, टायरवरही नको.

नदीत गाडी उतरवून धुण्याची पद्धत अजून कित्येक ठिकाणी दिसते. ऑइल, ग्रीस आणि डिटर्जंट तिथल्या पाण्यात जातं, आणि खाली कुणीतरी तेच पाणी भरत असतं. घरी धुताना साबणाचं पाणी विहिरीकडे किंवा जनावरांच्या हौदाकडे वळत नाही ना, एवढं पाहा.

काम संपल्यावरची दोन मिनिटं मला सर्वांत महत्त्वाची वाटतात, कारण पुढच्या वेळी साबण येणार की नाही ते तिथे ठरतं. साबणाची नळी स्वच्छ पाण्याच्या भांड्यात बुडवा, काळं नोझल लावूनच ठेवा आणि निदान एक मिनिट साधं पाणी ओढू द्या. नोझलमधून फेस येणं पूर्ण थांबलं पाहिजे. फोम गन असेल तर बाटलीत साधं पाणी भरून तेच करा. मग मशीन बंद, नळ बंद आणि खटका दाबून आतला दाब सोडा. नळी बाटलीतून काढून सावलीत लटकवून ठेवा. उरलेला साबण बाटलीत साठवू नका, तो मूळ डब्यातच परत जाऊ द्या, आणि पाणी मिसळलेला असेल तर त्याच दिवशी कुठेतरी वापरून टाका.

विजेबद्दल थोडक्यात पण नीट ऐका. ही मशीन दीड ते दोन हजार वॉटची असतात. बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर वायर तापते आणि मोटर मंद पडते. अर्थिंग असलेल्या तीन पिनी सॉकेटलाच जोडा, घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या आणि जोड कधीही ओल्या जमिनीवर ठेवू नका. जोरदार नोझलची धार माणसावर, जनावरावर किंवा चप्पल धुवायला म्हणून स्वतःच्या पायावर धरू नका. ती कातडी फोडून आत जाते. बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत मोठी इजा झालेली असते. असं झालं तर घरगुती उपाय न करता ताबडतोब दवाखाना गाठा आणि प्रेशर मशीनची धार लागली असं स्पष्ट सांगा.

नवं मशीन घ्यायला निघाला असाल तर आणखी एवढं करा. दुकानदार जोराचा फवारा मारून दाखवतो आणि आपण खूश होऊन बिल करतो. त्याला साबणाची नळी पाण्याच्या बाटलीत बुडवून, साबणाचं नोझल लावून, बाटलीतलं पाणी खाली उतरताना दाखवायला सांगा. सोबत कोणती नोझल आहेत ते डबा उघडून मोजून घ्या. साबणाच्या तोटीचा बॉल, स्प्रिंग, ओ-रिंग आणि फोम गनची जाळी सुटी मिळते का, ते विचारा. मिळत असेल तर ओ-रिंगचा एक जादा संच तेव्हाच घेऊन ठेवा.